रीजन्सी काळातली प्रेमकथा आणि कारस्थान : आधी टपाल, मग नाचघर

ओळखीतल्या लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. त्यातल्या रीजन्सी कथांची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या कथांची, पहिली पाच पानं जवळपास सारखी असतात. झुंबर, मेणबत्त्या, फिकट निळा झगा, जिन्यावरून उतरणारा ड्यूक. पाच पानं झकास जातात. मग ड्यूक आणि नायिका एकमेकांकडे बघतात, प्रेमात पडतात आणि लिहिणाऱ्याची पंचाईत होते. आता ह्यांना अडवायचं कोणी? मग एक दुष्ट काकू येते, एक चोरीला गेलेला हार येतो, शेवटी अपहरण येतं. कशाचा कशाशी मेळ नसतो.

ह्यात कल्पनाशक्ती कमी पडत नाही, क्रम चुकतो. त्या इंग्लंडमध्ये प्रेमाला अडवणाऱ्या गोष्टी आयत्या हजर होत्या : लग्नाचा कायदा, पैशाची बांधणी, टपालाचे नियम, कोणी कोणाला काय हाक मारायची ह्याचे संकेत. कारस्थान लपतं तेही ह्यांच्याच आडोशाला. म्हणून आधी अडसर उभे करा, मग माणसं आणा, आणि नाचघर सगळ्यात शेवटी सजवा. खाली एक नमुना कथा टप्प्याटप्प्याने बांधली आहे. कथा उचलू नका, रीत उचला.

तयारी : चार कागद

एका कागदावर वंशावळ. दुसऱ्यावर कथेच्या महिन्यांचं कॅलेंडर, वारांसकट. तिसऱ्यावर प्रत्येक मुख्य पात्राचं वार्षिक उत्पन्न आणि ते कुठून येतं. चौथ्यावर कथेतल्या गावांमधली अंतरं आणि ती कापायला लागणारा वेळ. टपालगाडी तासाला ७-८ मैल जायची. डोव्हर ते लंडन ७० मैलांच्या आसपास, म्हणजे वाटेत घोडे बदलत गेलात तरी नऊ-दहा तास. तुमचा नायक दुपारी बातमी ऐकून संध्याकाळच्या मेजवानीला डोव्हरहून लंडनला पोचत असेल, तर तो उडत आलेला आहे.

चारही कागद भरेपर्यंत पहिलं वाक्य लिहायचं नाही. हे सांगितलं की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन झुंबरापासूनच सुरुवात करतात.

टप्पा १ : वर्ष नको, महिने ठरवा

कायद्याने रीजन्सी म्हणजे ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य चालवू शकत नव्हता, म्हणून त्याचा मुलगा रीजंट, म्हणजे राज्यप्रतिनिधी झाला. बाप वारल्यावर तोच चौथा जॉर्ज. जेमतेम नऊ वर्षं, पण त्यातलं एक वर्ष दुसऱ्यासारखं नाही. मे १८१२ मध्ये पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल ह्यांना संसदेच्या लॉबीत गोळी घालून मारलं. १८१६ साली उन्हाळा आलाच नाही; आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्या जूनजुलैत युरोपात थंडी आणि पाऊस. तेव्हा १८१६ च्या जुलैत बागेत सतरंज्या अंथरून सहल काढू नका. नोव्हेंबर १८१७ मध्ये राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली आणि देशाने काळे कपडे घातले. त्या आठवड्यात तुमच्या पानांवर रंगीत झग्यांचा नाच चालू असेल तर कथा तिथेच खोटी पडली.

आपण १८१४ घेऊ. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लंडनमध्ये थेम्स गोठली आणि बर्फावर जत्रा भरली. एप्रिलमध्ये नेपोलियनने गादी सोडली. जूनमध्ये रशियाचा झार आणि प्रशियाचा राजा लंडनला आले. १ ऑगस्टला बागांमधून विजयोत्सव झाला आणि सेंट जेम्स पार्कातला शोभेचा पॅगोडा आतषबाजीत पेटला. सात महिन्यांत इतकं सगळं. आपल्याला फक्त निवडायचं आहे.

तपासणी : प्रत्येक प्रकरणावर तारीख आणि वार लिहिला का? वार लागतोच. लंडनमध्ये रविवारी पत्रवाटप नव्हतं, आणि ऑल्मॅक्स ह्या तिथल्या उच्चभ्रू सभागृहातल्या प्रतिष्ठित नाचसभा बुधवारी असत. पुढे ह्याच दोन गोष्टींवर कथा फिरणार आहे.

टप्पा २ : पैसा कुठे आहे आणि कोणाच्या हातात आहे

श्रीमंती दोन प्रकारची लिहा : जमिनीची आणि सरकारी रोख्यांची. जमीन बहुधा घराण्याला बांधलेली, विकता न येणारी. रोखे हलके, विकता येणारे, म्हणून कारस्थानाला सोयीचे.

आपली नायिका हॅरिएट २० वर्षांची. आईबाप नाहीत. तिच्या नावाने २०,००० पौंड रोख्यांत. ४ टक्के धरले तर वर्षाला ८०० पौंड. ती २१ ची होईपर्यंत कारभार पालकाकडे. लग्न झालं की, आधी वकिलांकरवी करारनामा केला नसेल तर, तिचा हा पैसा नवऱ्याचा. विवाहित स्त्रीची स्वतःची मालमत्ता कायद्याने मानायला इंग्लंडला १८७० उजाडावं लागलं. ह्या रकमेला मराठीत सरसकट 'हुंडा' म्हणू नका. हुंडा म्हटलं की आपल्या वाचकाला सासरची बोलणी आठवतात आणि डोक्यात भलतंच नाटक सुरू होतं. 'तिच्या नावचा पैसा' पुरतं.

नायक डोव्हरजवळच्या डील गावातल्या नौदल कचेरीतला लेफ्टनंट. वर्षाला शंभर पौंडांच्या आसपास. आता कॅलेंडर आणि हिशेब एकमेकांशेजारी ठेवा. एप्रिलमध्ये शांतता होते, घरोघर दिवे लागतात, आणि नौदल कपातीला लागल्यामुळे नायकाच्या डोक्यावर अर्ध्या पगाराची टांगती तलवार येते. सगळा देश सण साजरा करतो आहे आणि त्याच्या पोटात गोळा आला आहे. हा ताण तुम्हाला काकूंकडून मिळाला नसता.

सावधान : सोन्याच्या नाण्यांची थैली टेबलावर आपटणारा खलनायक मोडीत काढा. १७९७ पासून १८२१ पर्यंत बँक ऑफ इंग्लंड नोटेच्या बदल्यात सोनं देत नव्हती. व्यवहार कागदी नोटांवर चालत. आणि १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, हे भिंतीवर लिहून लावा.

टप्पा ३ : कारस्थान खऱ्या घटनेच्या कडेला बांधा

सोमवार, २१ फेब्रुवारी १८१४. मध्यरात्र उलटल्यावर डोव्हरच्या एका खाणावळीत लष्करी वेषातला माणूस आला. म्हणाला, मी लेफ्टनंट कर्नल ड्यू बूर, नेपोलियन मारला गेला. त्याने डीलच्या अॅडमिरलकडे पत्र धाडलं. हेतू असा की अॅडमिरलने दृश्य तारायंत्रावरून, म्हणजे टेकड्यांवरच्या उघडझाप करणाऱ्या झडपांवरून, ही खबर लंडनला पोचवावी. त्या सकाळी धुकं होतं, झडपा दिसेनात. तो माणूस मात्र घोडागाडीतून लंडनकडे निघाला. बाजारात सरकारी कर्जरोख्यांचा भाव उसळला, दुपारपर्यंत बातमी खोटी ठरली, भाव कोसळला, आणि मधल्या तासांत कोणीतरी विकून मोकळे झाले होते. मार्चमध्ये थेम्समधून एका नावाड्याला कापून फाडलेला लाल गणवेश सापडला. ८ आणि ९ जूनला खटला चालला. दोषी ठरलेल्यांत नौदलाचा नावाजलेला अधिकारी आणि खासदार लॉर्ड कॉक्रेन होता. तो अखेरपर्यंत स्वतःला निर्दोष म्हणत राहिला आणि १८३२ साली त्याला माफी मिळाली.

असं घबाड हाती लागलं की नवा लेखक काय करतो? कॉक्रेनलाच खलनायक करतो. करू नका. खरी माणसं मागच्या भिंतीवर राहू द्या. त्यांच्या बाबतीत नोंदलेलं आहे तेवढंच घडू द्या. तुमचा गुन्हेगार तुमचा हवा : पकडला न गेलेला आणखी एक वाटेकरी. आपल्या कथेत तो एक देखणा खासदार आहे, एका अर्लचा, म्हणजे बड्या सरदाराचा, धाकटा मुलगा, कर्जात बुडालेला. त्या शनिवारी, १९ तारखेला, तो डोव्हरला होता. नंतर चौकशा सुरू झाल्यावर तो शपथेवर सांगणार आहे की मी तो आख्खा आठवडा बाथ शहरात होतो.

टप्पा ४ : प्रेम आणि गुपित एकाच कागदावर

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून इथे रेंगाळू.

हस्तलिखितांत प्रेम एका खोलीत असतं आणि कारस्थान दुसऱ्या. एक प्रकरण चुंबनाचं, एक प्रकरण हेरांचं. वाचक आलटून पालटून कंटाळतो. उपाय : एक वस्तू शोधा, जी प्रेमाचीही आहे आणि गुन्ह्याचीही. त्या काळात अशी वस्तू शोधायला लांब जावं लागत नाही. पत्र.

पत्राचे नियम नीट बघा. वेगळं पाकीट नसे, कारण ते जास्तीचा कागद म्हणून मोजलं जाई. पत्राचाच कागद घडी घालून, लाखेने बंद करून, बाहेरच्या बाजूला पत्ता लिहीत. पैसे पाठवणारा नव्हे, घेणारा देई, आणि ते अंतर व कागदांच्या संख्येवर ठरत. १८१२ च्या दरांनी ५० ते ८० मैलांना एका कागदाचे ८ पेन्स. म्हणजे घरात आलेल्या प्रत्येक पत्राचे पैसे पालक मोजतो आणि प्रत्येक पत्र त्याच्या नजरेखालून जातं. शिवाय अविवाहित मुलीने नात्याबाहेरच्या पुरुषाशी पत्रव्यवहार केला की लोक वाङ्‌निश्चय झाला असंच धरत. तसा तो झाला नसेल तर बदनामी.

पण खासदारांची पत्रं फुकट जात. त्याने पूर्ण पत्ता, गाव आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहून सही करायची. टपालात टाकण्याच्या गावापासून तो २० मैलांच्या आत हवा. दिवसाला अशी १० पत्रं. लोक ओळखीच्या खासदाराकडून पत्ता लिहून घेत, पैसे वाचवत. ही उसनवारी इतकी रोजची होती की नकार देणं वाईट दिसे.

आता गाठ मारा. शनिवारी डोव्हरला एका चहापानात लेफ्टनंटची बहीण आपल्या मैत्रिणीला, म्हणजे हॅरिएटला, लिहिलेलं पत्र पुढे करते : 'एवढी सही द्याल का?' खासदार देतो. त्या वेळी डोव्हरला असणं हा गुन्हा नाही, त्यामुळे तो विचारही करत नाही. बहिणीने पत्राच्या शेवटी भावाला चार ओळी लिहू दिल्या आहेत, हे त्याला माहीत नाही. रविवारी लंडनला वाटप नाही. पत्र सोमवारी सकाळी हॅरिएटच्या हातात पडतं, ज्या सकाळी शहरात खोटी बातमी पोचते त्याच सकाळी.

कागदाच्या आतल्या बाजूला प्रेमपत्र. बाहेरच्या बाजूला खासदाराच्या अक्षरात 'डोव्हर, १९ फेब्रुवारी १८१४'. पुरावा दाखवायचा तर प्रेम उघडं पडतं. पाकीट असतं तर ही कथाच झाली नसती.

आणि नायकावर आळ येतो : डीलच्या कचेरीतून तारायंत्राच्या वेळा ह्यानेच फोडल्या. त्याला वाचवणारा कागद तिच्या पेटीत आहे.

तपासणी : तुमची वस्तू काढून घेतली तर प्रेमकथा तशीच चालते का? चालत असेल तर गाठ पक्की नाही. हिरा, हार, नकाशा, खंजीर बहुतेक वेळा ह्या तपासणीत नापास होतात.

टप्पा ५ : खलनायकाला प्रेमात पाडा, निदान तसं दाखवा

मार्चमध्ये कधीतरी खासदाराला ती सही आठवते. तो हॅरिएटच्या घरी येऊ लागतो. पालकाला वाटतं घराणं चांगलं आहे. गावाला वाटतं २०,००० पौंड चांगले आहेत. हॅरिएटलाही तेच वाटतं. त्याला मात्र एक कागद हवा आहे.

त्याने चोरी का करू नये? कारण लग्नात तिन्ही गोष्टी मिळतात. तिच्या वस्तू त्याच्या होतात, कागदासकट. तिचा पैसा त्याचा होतो, म्हणून तो करारनामा टाळायला बघणार. आणि तिसरी गोष्ट माझ्या आवडीची : इंग्लिश कायद्यात बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नसे. लग्न हीच तिची तोंडबंदी. खलनायकाच्या मागणीला असा कायद्याचा आधार असला की त्याला मिशा पिळत हसावं लागत नाही.

टप्पा ६ : नाती आणि किताब मराठीत आणताना

इंग्लिशमध्ये एका 'कझिन'वर भागतं. मराठी विचारते, कोणता? चुलत, मामे, आते की मावस? उत्तर वंशावळीच्या कागदावर असलं पाहिजे. बहुतेक इंग्लिश किताब पुरुषांच्या शाखेतूनच उतरत. तेव्हा नायिकेच्या वडिलांचा किताब 'मामेभावाला' मिळाला असं लिहिलंत तर कायदाच मोडला. तो चुलत बाजूचाच असणार. मामेभाऊ कितीही लाडका असला तरी त्याला फार तर घोडा मिळेल.

इथे दुसरी अडचण दबा धरून बसली आहे. त्या समाजात सख्ख्या चुलतभावाशी लग्न कायदेशीर होतं आणि मान्यही. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी किंवा आतेभाऊ चालतो, चुलतभाऊ मात्र भाऊच. 'चुलतभावाने तिचा हात मागितला' हे वाक्य मराठी वाचकाला कसंसंच करतं, आणि ते तुम्हाला अभिप्रेत नसतं. वारस आणि नायक एकच करायचा असेल तर नातं लांब न्या : पणजोबांच्या धाकट्या भावाच्या वंशातला, भाऊबंदांतला. वाचक सुटतो, कायदाही सांभाळला जातो.

किताबांचं थोडक्यात. बॅरोनेट किंवा नाइटला 'सर' लावाल ते नावाला, आडनावाला नाही, सर विल्यम. त्याच्या बायकोला लेडी आणि आडनाव. अर्लच्या मुलीला मात्र लेडी आणि तिचं स्वतःचं नाव. अर्लचा धाकटा मुलगा बोलण्यात साधा मिस्टर. बहिणींमध्ये थोरली मिस आणि आडनाव, धाकटी मिस आणि नाव. थोरलीचं लग्न झालं की धाकटीची बढती. ड्यूकला 'युअर ग्रेस' तसंच ठेवा. 'महाराज' लिहिलंत की वाचक कोल्हापुरात पोचतो.

टप्पा ७ : भेटीच्या जागा

हा टप्पा पटकन उरकता येतो, कारण बंधनं ठरलेली आहेत. तरुण अविवाहित मुलगी परक्या पुरुषाबरोबर एकटी नाही. बरोबर कोणीतरी वडीलधारी बाई. तिला मराठीत 'पाठराखीण' म्हणा, शब्द लग्नातला असला तरी छान बसतो. ओळख करून दिल्याशिवाय बोलायचं नाही. एका संध्याकाळी एकाच जोडीदाराबरोबर दोनपेक्षा जास्त नाच म्हणजे गावभर चर्चा. म्हणून खाजगी बोलणं गर्दीत घडवा : संध्याकाळी पाचच्या सुमाराला हाइड पार्कात उघड्या गाडीत, नाचाच्या रांगेत पाळी येईपर्यंत उभं असताना, गोठलेल्या थेम्सवरच्या जत्रेत पाठराखीण आल्याची वडी निवडत असताना.

सावधान : नायिकेला पुरुषांच्या क्लबात नेऊ नका, वेष पालटूनसुद्धा. फार वापरून झालं आहे.

टप्पा ८ : लग्नाचा रस्ता आखा

लग्नाचा कायदा १७५३ चा, अंमल १७५४ पासून. तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारायची, किंवा परवाना काढायचा. २१ च्या आतल्या व्यक्तीला परवान्यासाठी बापाची किंवा पालकाची संमती हवी. पुकार चालू असताना पालक उठून हरकत घेऊ शकतो. कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना वेगळा, कुठेही आणि कधीही लग्न लावायची मुभा देणारा. तो पोत्याने वाटू नका. इतरांनी सकाळी ८ ते १२ मध्येच लग्न करायचं. चंद्रप्रकाशात चर्चमध्ये लागलेलं लग्न मी दोनदा वाचलं आहे.

पळून जायचं तर स्कॉटलंड, सरहद्दीवरचं ग्रेटना ग्रीन. तिथे हा कायदा लागू नव्हता. पण लंडनहून ३०० मैलांच्या वर, आणि भाड्याची घोडागाडी मैलाला शिलिंगाहून जास्त. पंधरा पौंडांच्या पुढे नुसता जायचा खर्च, म्हणजे लेफ्टनंटचा दोन महिन्यांचा पगार. रात्री जेवण झाल्यावर निघून सकाळी नवरा-बायको होत नाहीत. दिवस लागतात, आणि पालक मागे लागतो.

आपल्या कथेत हॅरिएट १२ जूनला २१ ची होते. त्या दिवशी रविवार आहे. खासदाराला लग्न त्याआधी उरकायचं आहे, कारण तोवर पालकाचा शब्द चालतो. खटला ८ जूनला आहे. ८ जून १८१४ ला वार कोणता? बुधवार. म्हणजे गिल्डहॉलमध्ये खटला रात्री उशिरापर्यंत चाललेला आणि त्याच रात्री ऑल्मॅक्समध्ये नाचसभा. शेवटी एकदाचं नाचघर आलं, आणि आता त्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी गमवायचं आहे.

टप्पा ९ : उकल

पोलीस नाहीत. लंडनचं पोलीसदल १८२९ चं. त्याआधी न्यायदंडाधिकारी आणि बो स्ट्रीटचे धावपळे, म्हणजे गुन्हेगार शोधणारी माणसं, तेही बहुधा कोणी पैसे मोजले तर. खऱ्या प्रकरणात शेअर बाजारानेच समिती नेमून चौकशी केली होती आणि बक्षीस लावलं होतं. तेव्हा शेवटच्या प्रकरणात खाडकन दार उघडून 'हात वर' म्हणणारा इन्स्पेक्टर आणू नका. पुरावा माणसाने माणसाकडे न्यायचा आहे.

उलगड्याचा क्रम असा ठेवा. आधी वाचकाला कळतं की कागदाला दुसरी बाजू आहे. मग खलनायकाला कळतं की ती तिला कळली आहे. नायकाला सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात : नायक सगळं शोधून काढतो आणि नायिकेला समजावून सांगतो. इथे कागद तिच्याकडे आहे, धोका तिला आहे, म्हणून निर्णयही तिचाच. ती पत्र कोणाच्या हातात देते, घडी घालून की उघडून, आतली बाजू वर ठेवून की बाहेरची, ह्यावर तुमचं मुख्य प्रकरण उभं राहील. घाई करू नका. पाच पानं त्याला द्या. झुंबराची पाच पानं कापली की जागा होते.

टप्पा १० : आपण, तुम्ही, तू

त्या काळच्या बोलीतल्या इंग्लिशमध्ये एकच सर्वनाम. जवळीक दिसे ती हाकेतून : 'मिस वेन' वरून 'हॅरिएट' वर येणं ही मोठी घटना. मराठीकडे तीन पायऱ्या आहेत आणि बहुतेक लेखक त्या वाया घालवतात. पहिल्याच नाचात नायक 'तू खूप सुंदर दिसतेस' म्हणतो. संपलं. आता पुढच्या दोनशे पानांत त्याला वाढायला जागा नाही.

माझी वाटणी अशी. चारचौघांत आणि पहिल्या भेटींत 'आपण'. गोठलेल्या थेम्सवर नकळत 'तुम्ही'. 'तू' एकदाच, उशिरा, आणि शक्यतो चुकून. आपल्या कथेत तर ती चूक पत्रातच घाला : चार ओळी 'तुम्ही'त लिहिलेल्या आणि पाचवीत एक 'तू' निसटलेला. खासदाराने पत्र वाचलं की त्याला पुराव्याआधी तो 'तू' दिसेल.

निवेदनात दोघांना पहिल्यापासून 'तो' आणि 'ती' ठेवा, वडीलधाऱ्यांना 'ते' आणि 'त्या'. लग्नानंतर बायकोच्या तोंडी 'अहो' नको. तो शब्द माजघराच्या दारात उभा असतो. लग्नानंतरही अनेक बायका नवऱ्याला मिस्टर आणि आडनाव असंच म्हणत, तेच ठेवा. स्वयंपाकिणीला सातारी बोली देऊ नका. साधी, तुटक मराठी पुरते.

पुण्या-मुंबईचा धागा जोडायचा असेल तर

जोडा, पण जिथे तो खरोखर होता तिथे. मे १८१४ मध्ये ड्यूक झालेला वेलिंग्टन १८०३ साली असईला मराठ्यांशी लढला होता; त्याच्या हाताखालचा एखादा लंगडा कॅप्टन दिवाणखान्यात बसू शकतो. १८१० मध्ये साके दीन महंमदने लंडनला पोर्टमन स्क्वेअरजवळ हिंदुस्तानी खाण्याचं कॉफीहाउस काढलं होतं. काश्मिरी शाल नायिकेच्या खांद्यावर चालेल, ती महागच होती. मात्र मुंबईचं पत्र जहाजाने यायला महिने लागत. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई त्याच नाताळात लंडनच्या जेवणात चर्चेला आली तर घात झाला. आणि तेव्हा राज्य कंपनीचं, राणीचं नव्हे. राणी व्हिक्टोरिया मे १८१९ मध्ये जन्मली.

शेवटचं वाचन

पहिला खर्डा झाला की तीन फेऱ्या मारा, एकदम नाही. पहिल्या फेरीत फक्त वस्तू. माझ्या पहिल्या कथेत नायकाने १८१५ साली काडी ओढून मेणबत्ती लावली होती. घासून पेटणारी काडी १८२७ ला विक्रीला आली. तोवर चकमक आणि कापूस. आगगाडी, फोटो, टपालतिकीट ह्याच फेरीत निघतील. दुसऱ्या फेरीत फक्त वार आणि अंतरं, कॅलेंडर शेजारी ठेवून.

तिसऱ्या फेरीत कथेतली पत्रं तेवढी वेगळी काढून ओळीने वाचा. प्रत्येक पत्रासमोर लिहा : कोणी लिहिलं, पैसे कोणी भरले, कोणाच्या हातून आलं, बाहेरच्या बाजूला काय आहे, आणि वाचून झाल्यावर ते कुठे ठेवलं. एखाद्या पत्रासमोर ह्यातली दोन घरं रिकामी राहिली, तर ते पत्र टाकून द्या, किंवा कथेची खरी गाठ तिथेच दडली आहे का ते बघा.